डोमाजीभाऊंना वळसा

"सरवर मेला," डोमाजी मुनेश्वर फोनवर म्हणाले, आणि मयतीची बातमी सांगितल्यावर माणूस थांबतो तसे थोडे थांबले.

पुण्यात, सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात उर्वशीने हेडफोन सारखा केला. तिची नोकरीच ती होती. कुठल्याही देशात कुणाचा सर्व्हर आडवा पडला की तो इथे बसून उभा करायचा. तिची गिऱ्हाइकं सगळी अदबीने बोलत. एकच गिऱ्हाईक असं होतं की ज्याच्याकडून फी घ्यायची सोय नव्हती आणि जे उलट तिलाच झापत असे. ते दिग्रसला, हिरासिंग शेठच्या जिनिंगमध्ये, काट्याच्या खोलीत बसे.

"मेला म्हणजे काय, बाबा? दिवा लागतोय?"

"दिवा लागते. पंखा फिरते. पन जीव नाई."

"स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा."

डोमाजींनी घसा खाकरला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कचऱ्याचा डबा वाचला, फोल्डरांची नावं वाचली, खाली येऊन तारीख वाचली. मग म्हणाले, "अन् इथं लिवलं हाय, आकाश साफ. बाहेर त ढग हायत. हा इथूनच खोटं बोलाले सुरुवात करते, पाय."

कापसाची गाडी काट्यावर चढली की तिचं वजन या सर्व्हरमध्ये जाई, आणि गुडघ्याचं ऑपरेशन करून यवतमाळला मुलाच्या घरी पडलेले हिरासिंग शेठ ते पलंगावरून, इंटरनेटवरच्या रिमोट जोडणीने बघत. सर्व्हर पहिल्यांदा आला तेव्हा जिनिंगमध्ये कुलूप लागणारी खोली एकच होती आणि तिची किल्ली डोमाजींच्या खिशात होती. म्हणून डोमाजी सर्व्हरचे प्रमुख झाले. याहून दुसरी पात्रता त्यांच्याकडे नव्हती. दावा मात्र होता.

"मी आत येते. तुम्ही हात लावू नका," उर्वशी म्हणाली.

आत येण्याचीच खरी भानगड होती. बापलेक एकाच नावाने सर्व्हरमध्ये जात, आणि त्या नावाने एका वेळी एकालाच बसता येई. उर्वशी पुण्याहून शिरली की डोमाजींच्या पुढ्यातला पडदा बंद होऊन पासवर्ड मागे. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर बसून कुणी ओळख विचारावी हे डोमाजींना सहन होत नसे. ते दोन बोटांनी पासवर्ड हाणत, आणि इकडे उर्वशी बाहेर फेकली जाई.

"बाबा! तुम्ही परत आलात!"

"माह्याच खोलीत मीच येऊ नको?"

"मी असताना नका येऊ. दोघं नाही मावत आपण."

"शेठ कसा मावते मंग?"

"त्यांचं नाव वेगळं आहे."

"मंग तू बी येगळं नाव घे. टायमावर लगन केलं असतं त नाव बदललं असतं, हा तरास झालाच नसता."

मागून संगीताच्या हसण्याचा आवाज आला. संगीता काट्याच्या पावत्या फाडायची आणि डोमाजींच्या प्रत्येक फोनला प्रेक्षक म्हणून हजर असायची.

वेगळं नाव तयार करणं उर्वशीला चहा ढवळण्याइतकं सोपं होतं. ते तिने केलं नव्हतं. आणि त्या दिवशीचा बिघाडही तिला आत शिरताच दिसला होता. काट्याच्या प्रोग्रामने मान टाकली होती. तो बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच. शेजारचा सहकारी कॉफी घेऊन परत येईपर्यंत ते झालंसुद्धा.

मग ती म्हणाली, "अवघड दिसतंय, बाबा. वेळ लागेल. फोन चालू राहू द्या."

"लाव येळ. मी बसलो हाय."

ती मागे टेकून बसली आणि ऐकू लागली.

डोमाजींच्या मते फोन हे कामाचं यंत्र होतं, विहिरीवरच्या मोटरसारखं. काम नसताना चालू ठेवलं की जळतं. उर्वशीने सहज फोन केला तर ते विचारत, "काय झालं?" काही नाही, सहज. "सहज म्हनजे?" सहज म्हणजे सहजच, बाबा. "नौकरी हाय न?" आहे. "तबियत?" बरी आहे. मग ते "घे आईसंग बोल" म्हणून मोकळे होत. पण सर्व्हर बिघडला, आणि हात लावू नका म्हणून बजावून ठेवलं, की त्या रिकाम्या हातांच्या माणसाला तोंड फुटे. तो उर्वशीशी बोले, संगीताशी बोले, गाडीवाल्यांशी, पंख्याशी, कुणीच नसलं तर स्वतःशी.

"उकंडाची गाडी आली पाय. टपकून राह्यली. अरे उकंडा, कापूस आनला का मासोळ्या? ... नाई, दव पडलं म्हनते. याच्याच गाडीवर पडते दव, शेजारच्याची कोरडी. ... अवं संगीता, त्या कुत्र्याले काट्यावरून उठव पयले. मागच्या वक्ती थे झोपलं होतं अन् उकंडा भाव करून राह्यला होता त्याचा. ... झालं का वं उर्वशी?"

"होतंच आहे."

"पाय संगीता. येवढी शिकली पोरगी, घरात पुस्तकाले जागा पुरत नाई, पन हाताले लय धीमी. ही भाकरी थापाले बसली त पावने उपाशी जातीन गावाले."

उर्वशीने तोंडावर हात धरला. समोरच्याला वाटलं, तिला खोकला आला.

बऱ्याच वेळाने, वरचे साहेब आपल्याच रांगेकडे येताना दिसले तेव्हा, ती म्हणाली, "झालं बाबा."

"ठेवतो," डोमाजी म्हणाले, आणि ठेवला. निरोपाची पद्धत त्यांच्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्युटीवर जायला निघाले. चपला घातल्या, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खुर्चीवर बसले. उर्वशीच्या आईला म्हणाले, अर्धा कप चहा टाक. आई चहा घेऊन आली तेव्हा चहा पिणारं कुणी नव्हतं.

*

उर्वशी दिग्रसला आली ती राहिली. भंतेजी येऊन गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक आले, जेवले, रडले, आणि एकमेकांना बसस्टँडवर सोडून परत येऊन चहा प्याले. त्याच्या आदल्या दिवशी जिनिंगमध्येही शोकसभा झाली होती. तिला उर्वशी गेली नव्हती. घरातल्या माणसांचा दुःखाचा कोटा घरातच संपतो.

मग हिरासिंग शेठचा फोन आला.

"बेटा, दुखाचं घर हाय, बोलाले नको. पन सरवर दिसून नाई राह्यला. शोकसभेपासून बंद हाय. मी इथं पाय वर करून पडलो, अन् तिथं गाडीत कापूस चालला का गोटे चालले, मले काय मालूम? नागपूरची पार्टी हाय एक, थे म्हनते, हा डबा भंगारात द्या, आमी सगळं क्लाउडवर टाकतो. उद्या सकाळी येऊन राह्यले थे. आज संध्याकाळपर्यंत तू चालू केलं त ठीक, नाईतर मी त्याइले हो म्हनून देतो."

डबा. डोमाजी रोज सकाळी ज्याच्यावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्याने पुसत, तो डबा. उर्वशी म्हणाली, "मी येते."

फोनवरून संगीताला सांगून काम भागलं असतं. नोकरीत ती तेच करायची. पण आई म्हणाली, "जाय. घरात बसून तरी काय करून राह्यली? कालपासून पुस्तक हातात हाय अन् पान एकच हाय." मग पदर खोचत म्हणाली, "तुह्या बापानं जाता जाता बी काम लावूनच ठेवलं."

काट्याच्या खोलीचं कुलूप आता संगीताकडे होतं. तिने दार उघडलं, आणि उर्वशीने पहिल्यांदा त्या सर्व्हरला पूर्ण पाहिलं. आजवर ती त्याच्या आत शेकडो वेळा गेली होती, बाहेरून कधी भेट नव्हती. टेबलाखाली उभा काळा डबा. डोक्यावर झेंडूचं फूल. पुढ्यात, हवा ओढणाऱ्या जाळीच्या अगदी तोंडाशी, अगरबत्ती.

"हे काय, संगीता?"

"मशीननं दुखवटा धरला, ताई. काका गेले अन् यानं डोये मिटले. सारे म्हनतात."

"बाबांनी आयुष्यात कुणाचं सुतक पाळलं नाही. त्यांची मशीन कशाला पाळेल?" उर्वशीने अगरबत्ती विझवली. "आधी हिची राख आत जाऊन पंखा बसेल. मग खरंच मरेल."

संगीताने फूल उचललं, कुठे ठेवावं ते न सुचून स्वतःच्या वेणीत खोचलं, आणि एक चारपुडी डबा टेबलावर ठेवला. "तुमच्यासाठी बी आनलं. काका म्हनत, उर्वशी सकाळी बसली त सांजच्यालेच उठते. म्हटलं, उपाशी नको."

इतक्यात शब्बीर आला. जिनिंगची सगळी वायरिंग त्याच्या हातची होती आणि डोमाजींशी त्याचा रोजचा वाद होता. विषय ठरलेला नसे. तो दारातच उभा राहिला, उर्वशीकडे बघून मान हलवली, आणि मग म्हणाला, "बेटी, खाट टाकायची का बाहेर? डोमाजीभाऊ बोलले होते मले, टाइम लागते तुले."

"नको, शब्बीरचाचा. खुर्चीवर बसते."

जिनिंगभर तिची ही कीर्ती होती तर. हुशार, पण धीमी. बापाने जिवंतपणी पोरीची जाहिरात करावी तर अशी.

ती डोमाजींच्या खुर्चीवर बसली. खुर्ची एका बाजूला कलत होती. माणूस गेला, कल राहिला. तिने मन मोजक्या गोष्टींवर आणलं. सर्व्हर चालू आहे? आहे. काट्याचं वजन आत येतंय? बाहेर एक ट्रॅक्टर चढला आणि आकडा उमटला, येतंय. म्हणजे डबा ठणठणीत. रिमोटची परवानगी? तशीच, तिनेच दिलेली. बाहेरच्या माणसाला अडवणारी फायरवॉल? तिच्यातही कुणी हात घातलेला नाही. ऑफिसात इंटरनेट? संगीताचा मोबाइल त्याच राउटरवर गाणी वाजवत होता. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला हाक मारली. उत्तर नाही. यवतमाळ लांब राहिलं, दोन हातांवरच्या टेबलालाही तो ओ देत नव्हता.

ती टेबलाखाली वाकली. डब्याच्या पाठीमागे, जिथे नेटची केबल शिरते, तिथे एक बारीक हिरवा दिवा लुकलुकायला हवा. तिथे अंधार होता.

"केबल," ती टेबलाखालूनच म्हणाली. "जीव आहे. फक्त ऐकू येत नाहीये त्याला."

तिने केबल काढून पुन्हा बसवली. काही नाही. दुसऱ्या टोकाला, छताजवळच्या राउटरपाशी शब्बीरने स्टुलावर चढून तेच केलं. काही नाही. मग तिने शेठना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"शेठजी, नक्की कधी बंद पडलं? आठवा."

"आठवाचं काय त्यात? शोकसभेच्याच टायमाले. मी पाहून राह्यलो होतो. म्हटलं, माणसं उभी राहून राह्यलीत तिथं, आपनही इथून आकडे पाहात श्रद्धांजली देऊ. अन् पडदा गेला."

"उभं राहायच्या आधी इथे काय केलं?" उर्वशीने संगीताला विचारलं.

"कायीच नाई. फोटो लावला."

तिघांनी मान वर केली.

फोटो टेबलाच्या वर, बरोबर सर्व्हरच्या माथ्यावर होता. ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे डोमाजी आपल्याला कुणीतरी भिंतीला टेकवून उभं केलंय अशा नजरेने बघत होते. पांढऱ्या फुलांचा हार सुकला होता. चौकट जाडजूड होती आणि ती पेलणारा खिळा त्याहून जाडजूड.

"शब्बीरचाचा, राउटरपासून खाली केबल तुम्ही कुठून आणली होती?"

शब्बीरने हात वर केला. बोट राउटरपासून भिंतीवरून खाली सरकू लागलं. भिंतीला एक प्लास्टिकची पट्टी होती, केबल झाकणारी. मागच्या दिवाळीत भिंतीसोबत तिलाही रंग मारला होता, त्यामुळे ती आता भिंतच झाली होती. बोट सरकत आलं, फोटोच्या वरच्या कडेला लागलं आणि थांबलं.

"या अल्लाह."

त्याने बोट मागे घेतलं.

"पट्टी मीच मारली. खिळा बी मीच मारला," शब्बीर म्हणाला. "रडून राह्यलो होतो, बेटी. समोर भिंत हाय का पट्टी, कायी दिसत नव्हतं. अन् दोन हातोडे जास्तच हाणले. म्हटलं, डोमाजीभाऊ जड माणूस, पडले नाई पायजे."

उर्वशी हसली. किती दिवसांनी ते तिलाही सांगता आलं नसतं. आवाज मोठा निघाला, आणि तो ऐकून शब्बीर आधी दचकला, मग त्याचंही हसू फुटलं, मग संगीताचं. फोनवरून शेठ ओरडत होते, "काय झालं? कोन हासून राह्यलं? अरे, दुखाचं घर हाय!"

"बाबाच आडवे आलेत, शेठजी," उर्वशी डोळे पुसत म्हणाली.

प्रकार कळल्यावर शेठ म्हणाले, "मंग काढा फोटो, उपसा खिळा, जोडा तार. दुसऱ्या भिंतीवर लावा त्याइले."

"दुसऱ्या भिंतीवर लक्षुमी हाय," संगीता म्हणाली.

"तिसऱ्या लावा."

"तिथं तुमचे वडील हायत."

"मंग चौथी?"

"चौथीले खिडकी हाय. अन् शेठजी, आता कालपरवा काकाले चढवलं, आज उतरवलं, त गाडीवाले काय म्हनतीन? मानूस मेला अन् पंधरा दिवस बी टिकू नाई देल्ला. तुमच्या वडलाले हलवू का मंग?"

हिरासिंग शेठच्या वडिलांना त्यांच्या हयातीत कुणी हलवू शकलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत," शेठ शेवटी म्हणाले. "कसं करायचं थे करा." आणि फोन ठेवला.

उर्वशी फोटोसमोर उभी राहिली. खिळा उपसणं हाच सरळ मार्ग होता. नोकरीतल्या कुणालाही तिने तेच सांगितलं असतं. चौकटीला हात लावायला तिचा हात उठला आणि तसाच राहिला. मग तिने घरी फोन केला.

"आई, बाबांचा फोटो काढावा लागेल बहुतेक."

"काहून?"

तिने सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरची शिट्टी झाली.

"जित्तेपनी त्या मानसाले मी तीस वर्स म्हटलं, जरा बाजूले सरका, झाडू मारू द्या. सरकला नाई," आई म्हणाली. "आता कुठचा सरकते? राहू दे बसलेला. तूच बाजूनं जाय."

आईने फोन ठेवला, निरोप न घेता. ही पद्धतही घरात पसरलेली होती.

"चाचा, तुमच्या दुकानात केबल आहे?"

"पूरं बंडल हाय."

शब्बीर सायकलवर गेला आणि बंडल खांद्यावर टाकून आला. नवी केबल राउटरपासून निघाली, भिंतीवरून खाली आली, आणि चौकटीपाशी पोचल्यावर तिने अदबीने वाट बदलली. डाव्या अंगाने वळून, खालून पुन्हा सरळ रेषेत येत ती टेबलामागे उतरली. या वेळी शब्बीरने प्रत्येक खिळ्याआधी भिंतीला बोटाने ठोकून पाहिलं, आणि दर वेळी फोटोकडे बघून पुटपुटला, "भाऊ, सांगा बरं, इथं कायी हाय का?" जुनी केबल, पोटात खिळा घेऊन, डोमाजींच्या मागे तशीच राहिली. केबल पांढरी होती. लांबून पाहिलं तर सुकलेल्या हाराला लागून दुसरा ताजा हार अर्धाच घातलाय असं वाटे.

उर्वशीने दोन्ही टोकांना पिना दाबल्या आणि डब्यामागे केबल बसवली. टक् असा आवाज झाला. हिरवा दिवा लागला, थोडा विचार केला, आणि लुकलुकू लागला.

मग ती खुर्चीवर बसली. स्वतःचा लॅपटॉप मांडीवर घेतला, मोबाइलच्या नेटवर जोडला, म्हणजे सर्व्हरच्या लेखी ती पुण्यातच होती. नाव टाकलं: डोमाजी. पासवर्ड टाकला. समोर, टेबलावरचा पडदा लगेच बंद झाला आणि ओळख विचारू लागला. ती आत गेली होती. कचऱ्याचा डबा, फोल्डरं, खाली तारीख. आकाश साफ, असं लिहिलं होतं.

सवयीने तिचा हात थांबला. आता दोन बोटांचा खडखडाट होईल, आणि ती बाहेर फेकली जाईल. ती वाट बघत राहिली. टेबलावरचा कीबोर्ड गप्प होता. या वेळी तिला कुणी बाहेर काढलं नाही.

फोन वाजला. "दिसलं! दिसलं!" शेठ ओरडत होते. "हा उकंडाच्या गाडीचा आकडा पाय, नक्की ओला कापूस हाय! ... बेटा, नागपूरवाल्याइले नाई म्हनून सांगतो मी."

शब्बीरने मघाशी मागवलेला चहा आता आला. त्याने एक कप उचलून उर्वशीपुढे धरला, संगीताच्या जेवणाच्या डब्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "खाट त सोड, बेटी. चहाच्या आत झालं."

"अन् डबा बी तसाच राह्यला," संगीता म्हणाली. ती खरोखर गोंधळली होती. "ताई, इतक्यात कसं झालं? काका त म्हनत, तुमाले लय टाइम लागते. फोन धरून धरून कान दुखे त्याइचा. कधी कधी मंग म्या फोन धरो, अन् थे बोलत राहात."

उर्वशीपाशी उत्तरं होती. बिघाड साधा होता, हे एक. समोर बसून काम लवकर होतं, हे दुसरं. दोन्ही सभ्य होती आणि दोन्हींनी हा विषय मिटला असता. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला, उठली, आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. सुकलेल्या हाराची एक पाकळी चौकटीच्या काचेला चिकटली होती. ती तिने नखाने काढली.

पुण्यात गेल्यापासून ती बापाशी पुण्याचंच बोलायची. आता बोलली तेव्हा तिची जुनी बोली आपोआप आली, आणि आवाज काही फार वर गेला नाही, पण संगीताला आणि शब्बीरला नीट ऐकू आला.

"मी धीमी नव्हती, बाबा. काम त लगेच होऊन जात होतं. बाकीचा येळ मी तुमाले ऐकत बसत होती."